मधल्या सुट्टीतले प्रश्न

‘काकू, प्रभूच्या नावात सलाम. शारजाला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, त्रास असा कधी झाला नाही. पण थोरला आठवीत गेल्यापासून मधल्या सुट्टीत वर्गातली मुलं त्याला घेरतात. तुमचे देव तीन ना? देव मरतो कसा? तुमचं बायबल बदललेलं आहे ना? हा घरी येतो, धड जेवत नाही, खोलीचं दार लावून घेतो. रात्री मोबाइलवर ते वादविवादाचे व्हिडिओ बघत बसतो. परवा म्हणाला, मम्मी, मलाही त्यांच्या पैगंबरांबद्दल बोलता येतं. माझ्या पोटात गोळा आला. शाळेत तक्रार करू का?’

पत्र मोठं आहे. त्यात श्रीरामपूरच्या सासूबाई आहेत, त्यांना नातू नगरच्या होस्टेलवर हवाय. कॅनडाचे फॉर्म भरणारा नवरा आहे. रमजानात डबा कुठे खायचा हाही प्रश्न आहे. त्यांच्याकडे शेवटी वळेन, जागा उरली तर.

आधी ते पैगंबरांचं. अगं, तो विषय आज संध्याकाळीच मिटव, उद्यावर टाकू नकोस. तुम्ही राहता त्या देशात कोणत्याही धर्माची विटंबना हा गुन्हा आहे. त्यासाठी २०१५ साली वेगळा कायदाही झाला, आणि मोबाइलवरचा मेसेज त्यातून सुटत नाही. मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करायलाही तिथे बंदी आहे. विचारलेल्या प्रश्नाला आपली श्रद्धा सांगणं वेगळं आणि पत्रकं वाटणं वेगळं, हा फरक तेरा वर्षांच्या मुलाला नीट समजावून सांगावा लागतो. पण नुसतं कायद्याचं भय घालू नकोस. दुसऱ्याच्या पूज्य माणसाला नावं ठेवून आपला प्रभू मोठा होत नाही, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

शाळेत तक्रार मात्र मुळीच करू नकोस. मारहाण झाली, डबा फेकला, नावं ठेवली तर जरूर जा. पण ‘देव मरतो कसा’ हा प्रश्न आहे, छळ नव्हे. त्या मुलांना मशिदीत, घरात, शाळेतल्या इस्लामिक स्टडीजच्या तासाला हेच शिकवलेलं असतं आणि समोर जिताजागता ख्रिस्ती मुलगा बसलेला दिसतो. विचारणारच ती.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य तुलाच वाचून दाखवते: ‘आम्ही घरी यावर कधी बोललो नाही, काकू. चर्चला जातो ना, तिथे शिकवतातच.’

इथे मी रागावणार आहे. नेहमीचे वाचक म्हणतील, झाली काकूंची कौटुंबिक प्रार्थना सुरू. हो, झाली. लेस्टरच्या बाईला मुलीच्या लग्नाबद्दल लिहिलं तेव्हाही मी हेच म्हटलं होतं आणि तुलाही हेच म्हणते. तुमचं चर्च शारजातल्याच यर्मूक भागात, घरापासून गाडीनं थोडकं अंतर. शाळेला २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. मस्कतला होतो तेव्हा आम्ही रुवीच्या चर्चच्या आवारात शुक्रवारी उपासनेला जायचो, रविवारी सकाळी नवरा कामावर आणि मुलं शाळेत. तरी आमच्या घरी रात्रीची प्रार्थना चुकली नाही. तुम्ही तीन दिवस मॉलमध्ये घालवता आणि मुलगा त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याचा, अर्थ यूट्यूबवर शोधतो!

माझे वडील राहुरीकडे मास्तर होते. रात्री जेवणं झाली की रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन, एक शास्त्रपाठ, आणि मग ते विचारायचे, ‘कोणाला काय पटलं नाही?’ काय समजलं असं नाही, काय पटलं नाही! माझा धाकटा भाऊ रोज काहीतरी काढायचा. आदामाच्या मुलाला, काइनाला, बायको कुठून मिळाली, देवाला पश्चात्ताप कसा होतो. आई कपाळाला हात लावायची. वडील कधी रागावले नाहीत, उत्तर येत नसलं तर ‘पाळकसाहेबांना विचारून सांगतो’ म्हणायचे आणि खरोखर विचारून सांगायचे. तोच भाऊ पुढे सौदीत दमामला नोकरीला गेला. खोलीत सगळे मुसलमान सोबती, आणि प्रश्न तेच जे तुझ्या मुलाला येतात. तो कधी चिडला नाही, कारण यातला बराचसा खल त्यानं स्वतःच घरात केलेला होता. तुझा मुलगा चिडतो तो मुलांवर नाही गं. पहिल्यांदा ऐकलेल्या प्रश्नाला आपल्याकडे काहीच नाही, याचा तो राग आहे.

म्हणून बसवा त्याला, तूही बस, नवऱ्यालाही बसव. आणि एकेक प्रश्न घ्या.

तीन देवांपासून सुरू करा. पहिलं उत्तर सरळ ‘नाही’. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं येशूला विचारलं तेव्हा त्यानं सुरुवातच ‘देव एकच’ इथून केली, बायबलात मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. मग समोरचा काय समजून विचारतो आहे ते ओळखायचं. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात (अध्यायात) अल्लाह ईसांना, म्हणजे येशूला, विचारतो की मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का. त्यामुळे कित्येक मुसलमान मुलांना वाटतं की आपलं त्रैक्य म्हणजे बाप, आई आणि मूल. मरिया त्रैक्यात नाही, एवढं शांतपणे सांगितलं तरी अर्धा प्रश्न गळून पडतो. ‘पुत्र’ म्हणजे देवानं बायको केली आणि मूल झालं असंही आपण मानत नाही. त्यांच्या सूरा इख्लासमध्ये देव कोणाला जन्म देत नाही म्हटलंय, ते देहाच्या जन्माबद्दल असेल तर आपणही तेच म्हणतो. ३२५ साली निकिया इथे जमलेले बिशप याच शब्दावर भांडले आणि पुत्र हा निर्माण केलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, लिहून ठेवलं. तो मतांगीकार तू उपासनेत पोपटासारखा म्हणतेस. मुलाला एकेक ओळ फोडून दाखव.

आणि कृपा करून बर्फ, पाणी, वाफ सांगू नका. आमच्या शब्बाथ शाळेतल्या बाई हेच सांगायच्या आणि अजून सांगतात. एकच पदार्थ तीन रूपं घेतो, म्हणजे देव एकदा पिता झाला, मग पुत्र झाला, मग आत्मा झाला. तिसऱ्या शतकात साबेलियसनं जवळजवळ हेच शिकवलं आणि ख्रिस्ती मंडळीनं ते चूक ठरवलं. हुशार पोरगा लगेच विचारेल, येशू प्रार्थना करत होता तेव्हा स्वतःशीच बोलत होता का? माझ्या मधलीला मस्कतच्या शाळेत एका इजिप्शियन मुलीनं हेच विचारलं होतं. पुत्र पित्याशी बोलतो, पिता पुत्रावर प्रीती करतो, आणि तरी देव एक, इथवर सांगावं. पुढचं पूर्ण उलगडत नाही हे कबूल करायला लाजू नये. देवाच्या स्वरूपाचा ठाव लागत नाही हे मुसलमानांनाही मान्य आहे.

देव मरतो कसा, हा खरा अवघड प्रश्न. इथे गोड बोलून मार्ग काढू नकोस, कारण दोन्ही धर्म इथे खरोखर वेगळे होतात. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात म्हटलंय की त्यांनी ईसांना मारलं नाही, वधस्तंभावर खिळलंही नाही. यामागे मुसलमानांची आदरबुद्धी आहे, ती मुलाला दाखव. आपल्या प्रिय सेवकाची देव अशी अप्रतिष्ठा होऊ देईल कशी, असं त्यांना वाटतं. येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही हेच वाटलं होतं! मत्तयच्या सोळाव्या अध्यायात तो प्रभूला बाजूला घेऊन म्हणतो, असं तुला कधीही होणार नाही, आणि चांगलीच बोलणी खातो. तेव्हा तुझा मुलगा म्हणू शकतो, ‘तुझा प्रश्न आमच्या बायबलातच आहे.’ मग आपण काय मानतो ते सांगायचं: देवपण मेलं नाही, पुत्रानं धारण केलेल्या मनुष्यदेहात त्यानं मरण सोसलं, आणि ते आपल्यासाठी सोसलं. इतिहासाचं विचारलं तर टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार आहे. ख्रिस्ती लोकांबद्दल त्याला यत्किंचित प्रेम नव्हतं, पण दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं लिहून ठेवलंय की ख्रिस्ताला पंतय पिलातानं देहान्त शासन दिलं.

बायबल बदललं म्हणतात त्यावर मुलं फार अडकतात, आणि इथे उत्तर बरंच सोपं आहे. आपण बायबल आकाशातून शब्दशः उतरलं असं मानत नाही. देवाच्या प्रेरणेनं माणसांनी लिहिलं, म्हणून तर शुभवर्तमानं (येशूची कहाणी सांगणारी पुस्तकं) चार आहेत. हस्तलिखितांत फरक आहेत आणि ते कोणी लपवलेले नाहीत. मार्कच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, हे बऱ्याच आवृत्त्यांत तळटीप देऊन छापलेलं असतं. ही तळटीप मुलाला आधी तू दाखव, दुसऱ्यानं व्हिडिओत दाखवली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. मग हे सांग: संपूर्ण नवा करार (बायबलचा दुसरा भाग) असलेली चौथ्या शतकातली एक प्रत आजही आहे, तिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलाय. इस्लामचा उदय सातव्या शतकातला. म्हणजे पैगंबरांच्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हातात होता तो नवा करार आज आपल्या हातात आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठी गुंडाळ्या सापडल्या, त्यांतली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी निघाली, आणि मजकूर बहुतांशी तोच. राहिली वेगवेगळ्या ‘व्हर्जन’ची, म्हणजे भाषांतरांची, गोष्ट. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मागे १९२४ साली छापून आलं. त्यांच्या आधीही मराठी बायबल होतंच. भाषांतरं दोन झाली म्हणून मूळ दोन होत नाहीत.

डुकराचं मांस, दारू वगैरे तुम्हाला चालतं कसं, हा प्रश्न आला तर दोन वाक्यांत संपव: मार्कचा सातवा अध्याय, प्रेषितांची कृत्येचा दहावा. आमच्या घरी दोन्ही कधी आलं नाही, त्यामुळे मला त्यावर बोलायला फार काही नाही.

व्हिडिओ मात्र बंद. वादानं काय होतं ते आपल्याच देशात होऊन गेलंय. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला फांडर नावाचे जर्मन मिशनरी आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वाद झाला, दोन दिवस, गावातले मोठमोठे लोक ऐकायला. नंतर दोन्ही बाजूंनी आपापला वृत्तांत छापला आणि दोन्हींत जीत आपलीच! त्याउलट बगदादची गोष्ट त्याला सांग. आठव्या शतकात, ७८० च्या सुमारास, खलिफा अल-महदीनं तिथले ख्रिस्ती धर्माध्यक्ष तिमथी यांना समोर बसवून हेच सगळे प्रश्न विचारले. तिमथी एका प्रश्नालाही डगमगले नाहीत आणि आपली श्रद्धा तसूभर पातळ केली नाही. ‘आमच्या पैगंबरांबद्दल काय म्हणतोस?’ हा पेचाचा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, त्यांनी लोकांना मूर्तींपासून वळवून एका देवाकडे आणलं, ते संदेष्ट्यांच्या वाटेनं चालले. स्वतः ख्रिस्तीच राहिले, आणि खलिफाच्या दरबारातून मानानं घरी गेले. तुझ्या मुलानं एवढंच म्हणावं, ‘मी ख्रिस्ती आहे, माझी श्रद्धा वेगळी आहे, पण तुझ्या पैगंबरांचा अनादर माझ्या तोंडून व्हायचा नाही.’

आणि त्यालाही विचारायला शिकव. तुमच्याकडे ईसांबद्दल काय सांगतात? कुराणात नावानं आलेली स्त्री एकच, ती मरियम, तिच्या नावाचा आख्खा सूरा आहे आणि कुमारिकेच्या पोटी जन्म त्यांनाही मान्य आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असतं? मस्कतला आमच्या शेजारी दापोलीकडच्या कोकणी मुसलमान भाभी होत्या, आम्ही दोघी मराठीतच बोलायचो. त्यांनी एकदा विचारलं, ‘ताई, तुमच्यात रोजे नसतातच का?’ मी लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस सांगितले. त्यावर म्हणाल्या, मग तुम्ही दिसत का नाही उपाशी? मी म्हटलं, प्रभूनंच सांगितलंय, उपास करताना तोंड धुऊन तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. भाभी खूप हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी इफ्तारला बोलावलं. आमची धर्मावरची बोलणी त्यानंतर कायम अशीच, भजी तळता तळता झाली. घेरणाऱ्या मुलांपैकी एकाला, त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्याला, नाताळात घरी फराळाला बोलाव. एकटा आला की तोच मुलगा वेगळा बोलतो. पुढे कधी सगळे अबूधाबीला गेलात तर सादियात बेटावर २०२३ मध्ये उघडलेलं अब्राहमिक फॅमिली हाउस दाखव. मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) एकाच आवारात आहेत.

आता उरलेलं. रमजानात डब्याचं वर्गशिक्षिकेला विचार, रोजा नसणाऱ्या मुलांसाठी शाळा बहुधा वेगळी खोली ठेवते. उपाशी मुलांसमोर चिकन उघडून बसायचं नाही हे सांगावं लागू नये. कॅनडाला जायचं तर नोकरीसाठी जा, या प्रश्नांपासून पळायला नको, टोरांटोच्या शाळेतही मधली सुट्टी असते. होस्टेल अजिबात नाही. सासूबाईंना तो नकार तू कळवू नकोस, नवऱ्याला कळवू दे, आई त्याची आहे.