भुसावळ–जळगाव रोजच्या ये-जा साठी इलेक्ट्रिक कार परवडेल का?

घरी स्वतःचं पार्किंग असेल तर परवडेल. रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर धरा, महिन्याला साधारण 200 युनिट. मात्र ते घरच्या बिलात मिसळले की वरचा स्लॅब लागतो, म्हणून युनिट 12 रुपयांनी धरलं तरी 2,400. पेट्रोलला आठ-नऊ हजार जातात.

चार्जिंगला 15 अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग घ्या. तासाला तीनेक युनिट भरतात. रात्री लाईट गेली तरी रोजच्यापुरतं भागतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. 44-45 अंशांत एसी रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) खातो, बॅटरीलाही उन्हाचा त्रास. गाडी सावलीतच लावा, आणि कंपनीच्या रेंजच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच हिशेब करा.

भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर मात्र नको रे बाबा.