वाचक गेले तर?

"हौसेनं सुरू केलं, आता गळ्यात पडलंय. पण सोडवतही नाही."

हे वाक्य मी किती वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे! कुणी एखाद्या खेळाच्या चाहत्यांसाठी रोज लिहितं, कुणी जुन्या गाण्यांची माहिती जमवून देतं, कुणी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी सांभाळतं. पगार नाही, साहेब नाही, सक्ती नाही. तरी रात्री दोन वाजता उशीखालचा फोन बाहेर निघतो. घरचे म्हणतात हे व्यसन, करणारा म्हणतो ही जबाबदारी. मला दोन्ही पटत नाही. का ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुणाच्या निमित्तानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

'वर्ल्ड ऑफ टँक्स' या ऑनलाइन गेमच्या बातम्यांचा ब्लॉग तो एकहाती चालवायचा. वय पंचविशीच्या आसपास. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला गेममधलं काही कळतं का?"

"नाही. तू सांग."

समोरच्याचं जग त्याच्याकडूनच शिकून घ्यायचं, हा माझा जुना शिरस्ता. वरवर पाहता यात वेळ जातो. पण आपल्याला नीट येत असलेली गोष्ट समजावून सांगताना माणूस जितका मोकळा होतो, तितका "तुला काय वाटतं?" या प्रश्नानं होत नाही.

त्यानं सांगितलं ते असं. हा गेम 2010 मध्ये आधी रशियात आला, 2011 मध्ये युरोप-अमेरिकेत. एका बाजूला पंधरा रणगाडे, दुसऱ्या बाजूला पंधरा, लढाई फार तर पंधरा मिनिटांची. दुसऱ्या महायुद्धातले खरे रणगाडे आहेत, तसे नुसते कागदावरच राहिलेलेही आहेत. नवा रणगाडा आणायच्या आधी कंपनी तो निवडक खेळाडूंकडून तपासून घेते, त्याला सुपरटेस्ट म्हणतात. तिथलं बाहेर सांगायचं नसतं, पण फुटतंच. एका गोळ्यानं किती नुकसान होतं, पुढचं चिलखत किती जाड, तोफ पुन्हा भरायला किती सेकंद, हे आकडे फुटले की चाहत्यांत पळापळ सुरू होते. बातमी देणाऱ्यानं ते पहिल्यांदा द्यायचे. आणि गंमत अशी की रणगाडा प्रत्यक्ष गेममध्ये येईपर्यंत यातले निम्मे आकडे बदललेले असू शकतात. म्हणजे आज बरोबर दिलेली बातमी काही आठवड्यांनी चूक ठरते, कुणाचा काही दोष नसताना!

"मग लोक काय म्हणतात?"

"फेकू म्हणतात."

तो आला होता तो मात्र एका खऱ्या चुकीनंतर. 2022 मध्ये या गेमची कंपनी रशिया आणि बेलारूसमधून बाहेर पडली. तिथला गेम लेस्टा नावाच्या स्टुडिओकडे गेला आणि 'मिर तांकोव' या नावानं वेगळा चालू राहिला. तोवर रशियन भाषेतल्या बातम्या भाषांतर करून दिल्या की काम भागायचं, कारण नवीन गोष्टी बहुतेक आधी तिकडेच कळायच्या. आता दिसायला जुळे असलेले दोन गेम, आणि प्रत्येक बातमी कुठल्या गेमची हे तपासणं आलं. एका रात्री त्यानं 'मिर तांकोव'मधला बदल आपल्याच गेमचा म्हणून छापला. सकाळपर्यंत खरडपट्टी निघाली होती. त्या दिवसापासून झोप गेली. एकेक ओळ दहादा तपासायची, तेवढ्यात दुसरा कुणीतरी बातमी देऊन मोकळा व्हायचा, मग उशीर झाला म्हणून वेगळी तगमग.

घरच्यांच्या शंकेचं आधी संपवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं, अशी त्याची लक्षणं. मी त्याला विचारलं, "शेवटचं कधी खेळलास?" तो आठवू लागला. आठवेना. गेमबद्दल रोज लिहिणाऱ्या मुलानं कित्येक आठवडे गेम उघडलेलाच नव्हता. व्यसन म्हणून त्याचा संगणक काढून घेतला असता, तर त्यातून काय साधलं असतं?

मग खरं दुखणं कुठलं? मी विचारलं, "त्या चुकीबद्दल किती जणांनी सुनावलं?"

"सगळ्यांनी."

"मोजून सांग."

"असतील पंधरा."

"आणि वाचणारे?"

"तीनेक हजार." मग लगेच, "पण मॅडम, ते पंधरा बरोबर बोलत होते ना!"

हे उत्तर मला फार आवडलं. तीन हजारांत पंधरा म्हणजे काहीच नाही, असं त्याला मित्रांनी सांगून झालं होतं. अशा हिशेबानं कुणाचं दुखणं जात नाही, कारण ते हिशेबातून आलेलंच नसतं.

एकदा त्यानं हसत हसत दुसऱ्या एका टँक गेमचा किस्सा सांगितला. 2021 मध्ये 'वॉर थंडर'च्या चर्चेत, स्वतःला ब्रिटिश चॅलेंजर 2 रणगाड्याचा कमांडर म्हणवणाऱ्या एका खेळाडूनं खऱ्या रणगाड्याच्या माहितीपुस्तिकेची पानं टाकली. कशासाठी, तर गेममधला रणगाडा चुकीचा बनवलाय हे दाखवायला. कंपनीला ती पानं काढून टाकावी लागली. त्याच वर्षी फ्रेंच लक्लेर्क रणगाड्याबाबतही असाच प्रकार झाला. "डोकं फिरलंय लोकांचं," तो म्हणाला.

"काय हवं असेल त्या माणसाला?"

"आपण बरोबर आहोत हे सगळ्यांनी मान्य करावं."

"नाही केलं तर?"

तो हसायचा थांबला. मी पुढे काही बोलले नाही. अशा वेळी तोंड मिटून बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि एवढ्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी जमू लागलं आहे.

पुढच्या भेटीत तो मुद्द्यावर आला. "मी रोज दिलं नाही, पहिला राहिलो नाही, तर वाचक जातील."

"जातील," मी म्हटलं.

त्यानं चमकून वर पाहिलं. भावानं, मित्रांनी, सगळ्यांनी त्याला एकच धीर दिला होता, की कुणी कुठे जात नाही. तो धीर त्याच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. बातम्यांच्या धंद्यात उशीर करणाऱ्याला सोडून लोक जातातच.

"समज, हजार गेले. मग?"

बराच वेळ गेला. "मग मी कोण? माझं दुसरं काय आहे?"

इथे घाई केली तर सगळं फुकट जातं. "असं कसं, तू हुशार आहेस, चांगला मुलगा आहेस" हे ओठांवर येतं, ते गिळायचं असतं. मी त्याच्याच मैदानात शिरले. "मला एक सांग. तुमच्या गेममधला सगळ्यात चांगला रणगाडा कुठला?"

"असं नसतं मॅडम."

"बरं, माउस कसा आहे? शंभरपैकी किती गुण?"

माउसचं नाव मी त्याच्याकडूनच ऐकलं होतं. जर्मनांचा 188 टनांचा अजस्र रणगाडा, दोनच नमुने बनले, त्यांचे भाग जोडून उभा केलेला एक आज मॉस्कोजवळच्या कुबिंका इथल्या संग्रहालयात आहे. माझ्या प्रश्नावर तो अक्षरशः चिडला. "शंभरपैकी किती असं सांगताच येत नाही! हिमेल्सडॉर्फ नकाशातल्या अरुंद गल्लीत माउस म्हणजे भिंत, कोणी हलवू शकत नाही. तोच प्रोखोरोव्हकाच्या मोकळ्या मैदानात आणा, लांबून तोफा झोडपून काढतात, त्याला पळताही येत नाही. चिलखत वेगळं मोजायचं, वेग वेगळा, तोफ वेगळी. नकाशा कुठला, चालवतोय कोण, बरोबर कोण आहे... एकच आकडा देणारा माणूस अडाणी."

"एखाद्या चाचणीत तोफ सावकाश भरते असं निघालं, तर रणगाडा बाद?"

"बाद कशाला? तेवढा एक आकडा बदलतात."

"आणि तुझी एक बातमी चुकली तेव्हा तू किती आकडे बदललेस?"

तो काही बोलला नाही. दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग म्हणाला, "एकच. सगळ्याचा मिळून एक. शून्य." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "असं रिव्ह्यू मी कुठल्याच रणगाड्याचं लिहिलं नसतं."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, हे माझ्या वाचकांना आता नवीन नाही. कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका, हा त्यातला गाभा. मी तो शेकडो वेळा समजावून सांगितला असेल. पण ज्याच्या हातात रोज रणगाड्यांचे तक्ते असतात, त्यानं तो स्वतःच स्वतःला सांगणं वेगळंच. ते उत्तर मी दिलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा फोन उघडला असता.

नुसतं उमजून भागत नाही, ते वागण्यात उतरावं लागतं. मी त्याला सांगितलं की येत्या अपडेटची बातमी मुद्दाम एक दिवस उशिरा द्यायची. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. आणि बातमीत एका तरी ठिकाणी स्पष्ट लिहायचं, "हे अजून नक्की नाही." तो म्हणाला, "ही शिक्षा आहे." मी म्हटलं, "तपासणी आहे. जे सहन होणार नाही असं वाटतंय, ते सहन होतं का एवढंच बघायचं."

झालं काय? दुसऱ्या कुणीतरी आधी बातमी दिली. ती बरोबर होती, पूर्ण होती, आणि याच्याच शब्दांत, "माझ्यापेक्षा चांगली होती." वाचक थोडे घटले. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा बोधकथांमध्ये उशिरा देणाऱ्याची बातमीच शेवटी खरी ठरते आणि सगळे टाळ्या वाजवतात. इथे तसं काही झालं नाही. तो हरला, आणि रात्री झोपला. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याची बातमी त्यानं साधा खेळाडू म्हणून वाचली आणि बऱ्याच दिवसांनी दोन लढाया खेळला. दोन्ही हरला, तेही त्यानं हसत सांगितलं.

आता तुमच्यापैकी जे अशाच एखाद्या हौसेत अडकले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. थकवा कामाचा आहे की अटीचा, हे आधी वेगळं करा. काम कमी केल्यावरही छातीवरचं ओझं तसंच राहिलं तर ते अटीचं आहे: मी पहिला असलो पाहिजे, माझं कधीच चुकता कामा नये, सगळ्यांना मी आवडलो पाहिजे. ती अट कागदावर लिहून काढा. डोक्यात ती कायद्यासारखी वाटते, कागदावर उतरली की कुणी घातली हा प्रश्न पडतो. चूक झाली की दुरुस्ती करा, तारीख टाका, कुठे घोटाळा झाला ते एका ओळीत सांगा आणि तिथेच थांबा; तीन दिवस माफी मागत बसणं म्हणजे पुन्हा स्वतःला शून्य देणं.

घरच्यांनो, "यातून पैसे तरी मिळतात का?" हे विचारणं सोडा. पैसे मिळू लागले की ओढाताण थांबेल असं नाही, बऱ्याचदा वाढते. जाहिरातीचे पैसे वाचकसंख्येवर मिळतात, म्हणजे पहिलं येण्याची भूक आणखी चाळवते. शिवाय 1971 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला देऊन पाहिलं होतं. पैसे मिळालेल्यांचे पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोडी हातात घेण्यातला त्यांचा रस घटला. त्यापेक्षा विचारा, "आज काय लिहिलंस?" आणि उत्तर समजलं नाही तरी ऐका.

बंद करायचं की नाही, हा निर्णय मोठ्या अपडेटच्या आठवड्यात किंवा चुकीच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नये. तेव्हा घेतलेला निर्णय बहुधा पळ असतो. शांत दिवस बघा. बंद करणार असाल तर तारीख आधी सांगा, आणि जुन्या बातम्यांवर त्या जुन्या असल्याचं लिहून ठेवा म्हणजे नवा खेळाडू फसणार नाही.

त्यानं बंद केलं नाही. आठवड्यातून तीनदा लिहितो, अपडेटचं अधिकृत टिपण आलं की त्याचा अर्थ समजावून देतो, आणि त्यात तो खरोखर चांगला आहे. फुटलेल्या आकड्यांचं काम त्यानं दोन वाचकांना वाटून दिलं, त्यावर "चाचणीतले आकडे, बदलू शकतात" असं ठळक लिहून. माझ्या मते गुप्त ठेवायचं कबूल करून कुणीतरी फोडलेली माहिती त्यानं पूर्णच सोडायला हवी. यावर आमचा बराच वाद झाला. त्याला ते अजून पटलेलं नाही.