शेड नंतर, आधी दहा बकऱ्या

बेटा,

तुझ्या शेडचा नकाशा पाहिला. लोखंडी पाइप, उंच फरशी, भोवती हिरवी जाळी. झकास आहे, पण सध्या कपाटात ठेव. सगळा पैसा शेडात घालून बकऱ्यांसाठी उसनवारी केलेले लोक मी काटोलकडे बरेच पाहिले. त्या शेडांत आता पिकांचा भुसा, कुटार भरलेलं असतं.

दहा बकऱ्या आणि एक बोकड, एवढ्यानंच सुरू कर. एका बकरीला साधारण १० चौरस फूट छप्पर पुरतं, पुढं दुप्पट मोकळी जागा. तुमच्या वावरातला जुना गोठा त्याला पुरून उरतो. फक्त जमीन कोरडी राहिली पाहिजे. केंद्राच्या पशुधन अभियानाचं ५० टक्के अनुदान १०० बकऱ्या आणि ५ बोकडांपासून सुरू होतं, म्हणून कुणी तुला एकदम शंभरावर उडी मारायला सांगेल. ऐकू नको. दहा सांभाळून दाखव, मग बोलू.

मोबाइलवर सिरोही, बीटल जातीच्या बकऱ्या पाहून हरखला आहेस. देखणी जनावरं आहेत, नाही कोण म्हणतं? पण आपली बेरारी नागपूर-वर्ध्याचीच आहे. तांबूस अंगाची ही बकरी आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत बाभळीच्या शेंगा शोधत फिरते. घेताना एका-दोन वेताची घे. खालचा ओठ बाजूला करून दात बघ; पुढचे दोन मोठे म्हणजे दीड वर्षाच्या आसपास, आठही मोठे झाले की चार वर्षं उलटत आली. कास दोन्ही बाजूंनी सारखी हवी, गाठ नको. बोकड मात्र दुसऱ्या गावचा आण आणि दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो आपल्याच पाठींवर, म्हणजे स्वतःच्याच तरुण लेकींवर चढतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी बाजारातून आठ बकऱ्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्यांत सोडल्या. आठवड्यात नाक वाहायला लागलं, मग तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर, बकऱ्यांचा साथीचा रोग. सहा गेल्या, त्यातल्या चार घरच्या होत्या. तेव्हापासून नवं जनावर तीन आठवडे संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत वेगळं बांधतो, त्याचं पाणी आणि टोपलंसुद्धा वेगळं. पीपीआरची लस टोचली की साधारण तीन वर्षं घोर नाही. आंत्रविषाराची मात्र दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. पहिल्या पावसाचा कोवळा चारा हावरटासारखा खाऊन धडधाकट बकरी एका रात्रीत आडवी होते. जंताचं औषध अंदाजानं पाजू नको. मूठभर ताज्या लेंड्या घेऊन नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा, तपासून घे.

चाऱ्याची तुला चिंता नाही. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार घरचंच आहे, धुऱ्यावर शेवरी-सुबाभूळ लाव. दोनच गोष्टी लक्षात ठेव: फवारलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीत बकरी शिरता कामा नये, आणि ज्वारीचे कोवळे फुटवे तिच्यासाठी विष आहेत.

पैसा खरा करडात आहे. दहा बकऱ्यांना पंधरा पिल्लं झाली आणि सहा मेली, तर वर्षभर राबून हाती काही लागत नाही. थंडीच्या रात्री बकरी वितेल तेव्हा तू तिथं हवास, गडी नव्हे. पिल्लाचं नाक पूस, नाळेला टिंचर आयोडीन लाव आणि तासाभरात चीक पाज, जार पडायची वाट न बघता. दोन किलोच्या पिल्लाला दिवसभरात पावशेर तरी चीक पोटात जायला हवा, थोडा थोडा करून. दुबळं असेल तर बोटानं तोंड उघडून सड द्यावा लागतो. आई लाथ मारते. मारू दे.

विक्रीचंही गणित आहे. श्रावणात मटणाला कोण विचारतो? पण पोळा झाला की दुसरा दिवस करीचा, आणि त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी रस्सा शिजतो. बकरी पाच महिन्यांनी विते. जूनच्या सुरुवातीला गाभण राहिलेली नोव्हेंबरात विते आणि तिचं बोकड पोळ्यापर्यंत नऊ-दहा महिन्यांचं होतं. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तिचा हिशेब दर साली नव्यानं मांड. आणि खाटीक डोळ्यानं वजन सांगतो ते मानू नको. त्याचा डोळा नेहमी दोन किलो कमीच बघतो. माझ्याकडे लटकवायचा काटा पडून आहे, घेऊन जा.

रविवारी पहाटे ये. शेजारच्या गावात दोन घरी बकऱ्या विकायच्या आहेत, चरायला सुटायच्या आत पोचू. दात मी बघतो, कास तू बघ. आणि आईला विचारून ये, रात्री-बेरात्री बकरी ओरडली तर तिची झोपमोड चालेल का.

तुझा काका