पाटी नंतर वाच

ओटावाच्या नॅशनल गॅलरीत पहिल्यांदाच जातोयस ना? मग सगळी दालनं एका दुपारी उरकायचा हट्ट धरू नकोस. मी धरला होता. पाय तेवढे दुखले, लक्षात काही राहिलं नाही.

कलाकार जॅनेट कार्डिफची 'फॉर्टी पार्ट मोटेट' (२००१) ही समूहगानाची ध्वनी-कलाकृती मांडलेली असेल तर आधी तिथे. लंबगोलात उभे चाळीस स्पीकर, प्रत्येकातून वेगळा आवाज. लोक मधोमध बसून डोळे मिटतात. तूही बस, पण मग उठून एकेका स्पीकरपाशी कान ने. आणि गाणं संपलं म्हणून लगेच निघू नकोस: मधल्या तीनेक मिनिटांत गायक खाकरतात, आपसांत कुजबुजतात. मला तर तोच भाग जास्त आवडतो.

ब्रायन जंगन या कलाकाराचे मुखवटे कुठे मांडलेले दिसले तर आधी लांबून बघ. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूलनिवासींचे जुने मुखवटेच वाटतात. जवळ गेलास की शिवण दिसते, मग नायकेची खूण. एअर जॉर्डन बूट उसवून केलेत! एकूण २३, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या जर्सीवरचा आकडा. शेजारची माहितीची पाटी आधी वाचलीस तर ही गंमत गेलीच म्हणून समज.