मॉडेल रेल्वेवरच्या रुळाकाठच्या पाट्या खऱ्यासारख्या कशा करायच्या?

एचओ मांडणीवर, म्हणजे 1:87 मापाच्या छोट्या रेल्वेवर, स्वतः छापून लावलेल्या पाट्या खेळण्यातल्या का वाटतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या अनुभवात मजकुराइतकाच दोष पाटीच्या तोंडाचा असतो.

मी कोल्हापूरचा. मिरज मार्गावरचा रुकडीजवळचा भाग घरी मांडलाय. सुरुवातीला सगळ्या पाट्या बघणाऱ्याकडे वळवल्या होत्या. ते चुकलं. पाटी लोको पायलटसाठी असते, म्हणून तिचं तोंड येणाऱ्या गाडीकडे हवं. बाजूने बघताना तिची नुसती कड दिसली तरी चालेल, खऱ्या रुळाकाठीही तशीच दिसते.

आता माप. फाटकाआधीची शिट्टीची पाटी घ्या: पिवळ्या चौकोनावर काळ्यात 'सी/फा' (सीटी/फाटक) आणि इंग्रजीत 'डब्ल्यू/एल'. ती फाटकाच्या 600 मीटर अलीकडे असते. 1:87 ने ते जवळपास 7 मीटर होतात, एवढी भिंत कुणाच्या घरात असते? तेव्हा अंतर खुशाल कमी करा, पण पाटी मात्र मापातच ठेवा. 600 मिलिमीटरचा चौकोन 7 मिलिमीटरचा होतो आणि रुळापासून 2.1 मीटर उंचीवरची खालची कड 24 मिलिमीटरवर येते. डोळ्याला आधी उंचीच खटकते. वेगमर्यादेची पाटी त्रिकोणी आणि मर्यादा संपल्याची 'टी/पी' (प्रवासी गाडीसाठी), 'टी/जी' (मालगाडीसाठी) गोल, हे आकारही जपा.

एवढ्याशा जागेत देवनागरीचे काने-मात्रे बुजतात. इंकजेटची शाई पसरते, म्हणून मॅट कागदावर लेझर प्रिंट काढून घ्या. स्टेशनच्या फलकावरची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची ओळ वाचता आली नाही तरी चालेल, पण वगळू नका. कागद जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कापलेली कड काळ्या मार्करने रंगवा. ती पांढरी कड राहिली की सगळी मेहनत पाण्यात. खांबाला 1 मिलिमीटरची तार पुरते.

शेवटी धूळ. ब्रेकची तपकिरी भुकटी खालून वर चढलेली दिसली पाहिजे. त्यासाठी मी गेरूत चिमूटभर काजळी मिसळून कोरड्या ब्रशने लावतो. आपल्याकडच्या पावसात बोल्टखाली गंजाचे ओघळ येतात, तेही एक-दोन ओढा.

नमुने बघायला फाटकाच्या रस्त्यावर किंवा प्लॅटफॉर्मवर थांबा. रुळात उतरू नका, रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार तो गुन्हा आहे.