नांदूर मध्यमेश्वर: वडिलांना आणि मुलाला घेऊन जायचं तर

ताई, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढ-उतार जमत नाही, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून एका दिवसात परत यायचंय, तर पक्षी बघायला कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. मी डोळे झाकून नांदूर मध्यमेश्वर सांगेन. बारा-तेरा हिवाळे मी तिथे जातोय. निफाड तालुक्यात, नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर, आणि पाण्याकाठची वाट सपाट.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभरेक वर्षांपूर्वी बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानच, पण पक्ष्यांना यासारखी जागा नाही. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा (म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली) म्हणून जाहीर झालं.

आता माझा मुख्य सल्ला: फार चालू नका. पहिल्या वेळी मी सकाळी दहाला पोचलो आणि दिवसभर काठाकाठाने फिरलो. जिथे जाईन तिथून बदकं उठून लांब जाऊन बसायची. पुढच्या वेळी उजाडतानाच एका बाभळीखाली बसलो, तासभर जागचा हललो नाही. समोरच्या पाणगवतातून जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. लालभडक चोच, लांबच लांब बोटं. तिने एक देठ उपटला, पायाच्या बोटांत धरला आणि आपण ऊस खावा तसा सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. मी इतक्या जवळ होतो की सोलल्याचा आवाज येत होता. म्हणून वडिलांसाठी घडीचं स्टूल नक्की न्या. बसून पाहणाऱ्याला तिथे जास्त दिसतं.

मुलाला आधी वारकरी दाखवा. काळा पक्षी, कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा ठिपका, त्यावरूनच नाव. उडण्याआधी तो पाण्यावरून पाय मारत धावतो, ते मुलांना फार आवडतं. मग चोची बघायला लावा. चमचा नावाचा पांढरा पक्षी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून ठेवतो आणि मासा लागला की मिटतो. थापट्या बदक चपट्या चोचीने पाणी गाळतं. एकाच डबक्यात प्रत्येकाची जेवायची रीत वेगळी, हे एकदा कळलं की मूल तुम्हाला सोडत नाही. सगळी बदकं एकदम उठली तर वर पाहा, बहुतेक वेळा दलदल ससाणा फिरत असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चक्रवाक, तलवार बदकं तेव्हाच येतात. शेतीसाठी पाणी सोडलं की पातळी बदलते आणि पक्षीही जागा बदलतात, त्यामुळे गावातला गाईड घ्याच. कुठे काय उतरलंय हे त्यांना रोजचं माहीत असतं. बहुतेकांकडे स्टँडवरची दुर्बीणही असते. वडिलांनी वाकून डोळा लावला की झालं. स्वतःची घ्यायची असेल तर ८ बाय ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. जास्त ताकदीची हातात हलते आणि वयस्कर माणसाला त्रास होतो.

निफाडची थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कानटोपी, मोजे, थर्मासमध्ये चहा हवाच. कपडे मळकट रंगाचे घाला. जमलं तर रविवार टाळा, गर्दीत बोलणं फार होतं आणि पक्षी आत सरकतात.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. मुलाला गाईडबरोबर वर पाठवा. वडिलांनी जिने चढायची काही गरज नाही. मी जी पाणकोंबडी सांगितली, ती खाली बसूनच पाहिली होती.