उतारावर गुडघे सांभाळा

प्रश्न : पेरणीआधी, मे महिन्यात लेकीकडे इटलीला जातो आहोत. आमाल्फीजवळची ‘देवांची वाट’ ही डोंगरातली पायवाट आम्हा साठीतल्यांना झेपेल का?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : झेपेल, पण दिशा चुकवू नका. बोमेरानो गावाहून (उंची सुमारे ६३० मीटर) नोचेल्ले गावाकडे चाला; ६-७ किलोमीटर, तीनेक तास, बहुतेक उतार. उलट गेलात तर तोच चढ छातीवर येतो. खरी परीक्षा नोचेल्लेच्या पुढे : खाली किनाऱ्यावरच्या पोझितानोकडे दीड हजारावर पायऱ्या. उतरताना प्रत्येक पावलाचा भार मांडीच्या स्नायूंवर येतो. ते थकले की गुडघे बोलू लागतात. म्हणून पायऱ्या टाळा, नोचेल्लेहूनच सरळ बस धरा. सराव शेताच्या धुऱ्यावर होत नाही, चिखलदऱ्याचे उतार गाठा. वाटेवर सावली कमी, म्हणून माणशी दीड लिटर पाणी. चप्पल नकोच, सुट्या खडीवर घसरते. बसचं तिकीट आधीच घ्या, तेही तंबाखूच्या दुकानात!